नवाचा ताळा आणि २१ अंकी संख्या

तुमच्या लेखात फ्रेंच गणिती मर्सेनच्या यादीतली (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांची यादी) चूक एका ओळीत उरकलीत, पण खरी गंमत तिथेच आहे. २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मर्सेनने १६४४ मध्ये हिला मूळ संख्या म्हटलं. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युकासने ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव एकही न सापडता! ते १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक कोल यांनी काढले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. भर सभेत एक अक्षर न बोलता त्यांनी फळ्यावर गुणाकार केला म्हणे.

मी शाळेतला नवाचा ताळा लावून पाहिला: अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जायची, आणि अवयवांच्या अशा अंकांचा गुणाकार (तोही एका अंकावर आणून) उत्तराच्या अंकाशी जुळायला हवा. अवयवांच्या अंकांच्या बेरजा ३७ आणि ६४, म्हणजे दोन्हीकडे १. मोठीची बेरीज १०९, पुन्हा १. जमलं! (ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, पण चुकलं असतं तर बहुधा तिथेच पकडलं असतं.)

आणखी एक. हिचा कुठलाही मूळ अवयव १३४ ने भागला की बाकी १ च उरते. लहान अवयवातून १ वजा करून भागून बघा, बरोबर १४,४५,५८० येतात. त्यामुळे तपासायच्या संख्या खूप कमी होतात, तरीही कोल यांना कॅल्क्युलेटरशिवाय किती रविवार घालवावे लागले असतील! माझा तर एक गुणाकार करतानाच चहा गार झाला.