मामा, त्या ब्राउझरला मेल उघडून देऊ नका

परवा रात्री अमळनेरहून मामांचा फोन आला. "भाचा, हाई खरं शे का?" पाठोपाठ ग्रुपवरचा मेसेज: 'क्रोम आजच काढा. भारतीय माणसाने बनवलेला कॉमेट टाका. माहिती कुठेही जात नाही. मेल, बँक, तिकीट सगळं एआय करतो, फक्त लॉगिन करून ठेवा. इनकॉग्निटोत तर कुणालाच काही दिसत नाही.' तोवर नातवाने ॲप टाकून मामांचा मेल जोडूनही दिला होता. कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याच बँकेत नोंदवलेला मेल.

कॉमेट हा ब्राउझर पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीचा. तिचे प्रमुख अरविंद श्रीनिवास चेन्नईचे, आयआयटी मद्रासचे, हे खरं. पण कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची. आणि माहिती कुठेही जात नाही? याच श्रीनिवासांनी एप्रिल २०२५ मध्ये एका पॉडकास्टवर सांगितलं, की लोक काय विकत घेतात, कुठल्या हॉटेलात जातात हे ब्राउझरमधून कळलं की जाहिराती नेमक्या दाखवता येतील. मालकच सांगतोय, आणि आपण ग्रुपवर उलटं पसरवतोय.

खरा घात 'लॉगिन करून ठेवा' या तीन शब्दांत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह ब्राउझरवाल्यांनी हे करून दाखवलं. ते प्रतिस्पर्धी आहेत, मान्य. पण प्रयोग सगळ्यांसमोर मांडलाय. रेडिट या गप्पांच्या वेबसाइटवरच्या एका कॉमेंटमध्ये त्यांनी सूचना लपवून ठेवल्या. माणसाने कॉमेटला एवढंच सांगितलं, 'या पानाचा सारांश दे.' एआयने पान वाचताना त्या लपलेल्या सूचना मालकाचा हुकूम समजून पाळल्या. त्या माणसाच्या पर्प्लेक्सिटीच्या खात्यातून ईमेल पत्ता काढला, ओटीपी मागवला, उघड्या जीमेलमध्ये जाऊन तो वाचला आणि दोन्ही त्याच कॉमेंटखाली उत्तर म्हणून टाकले. माणसाने एक बटण दाबलं होतं, बस्स! पान कुणाचं आणि हुकूम कुणाचा, हे त्या एआयला वेगळं करता येत नाही, सगळं दुखणं तिथे आहे. दुरुस्ती झाल्याचं कंपनीने सांगितलं, पण रोग एकट्या कॉमेटचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने ॲटलस हा स्वतःचा एआय ब्राउझर आणला तेव्हा त्यांच्या सुरक्षाप्रमुखांनीही हा प्रश्न अजून सुटलेला नाही असं लिहिलं. बऱ्याच बँका ओटीपी मेलवरही पाठवतात, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना माहीत नाही का?

इनकॉग्निटोचं, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीचं, थोडक्यात: फक्त आपल्या फोनवर इतिहास उरत नाही. सिमकंपनीला आणि वेबसाइटला जे दिसायचं ते दिसतंच. यावरूनच गुगलवर २०२० मध्ये खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी पुसायचं त्यांनी कबूल केलं.

क्रोम जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीचा आहे, एवढं मान्य. पण कॉमेटही क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच पायावर उभा आहे. एज आणि ब्रेव्हसुद्धा. बदलायचंच असेल तर फायरफॉक्स घ्या, त्याचं इंजिन वेगळं आहे.

कॉमेटवर बातम्या वाचा, लांबलचक जीआरचा सारांश काढा, माझी हरकत नाही. मेल मात्र काल रात्रीच नातवाला फोनवर सांगून त्यातून साइन आउट करायला लावला आणि पासवर्डही बदलून घेतला. नवा पासवर्ड मामांनी डायरीत लिहिलाय. डायरी कपाटात आहे, ग्रुपवर नाही.