सी-६च्या मुलाने हृदयासाठी व्यायाम का करायचा?

काका, नमस्कार.

मज्जारज्जूच्या इजेनंतर हृदयासाठी व्यायाम करा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, ‘तुमची इजा डी-१०ची (छातीच्या दहाव्या मणक्याशी), माझ्या मुलाची सी-६ची (मानेच्या सहाव्या मणक्याशी). त्याची बोटं वळत नाहीत, खांदे दुखतात, दिवसभर व्हीलचेअर ढकलून तो दमतोच. त्याला उभं करणारं काही असेल तर सांगा. हृदयाचं काय घेऊन बसलात?’

पहिला मुद्दा मान्य. मी माझ्या शरीरावरून लिहिलं आणि नाडीचा आकडा गाठायला सांगितला. मानेच्या इजेला तो लागू नाही. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूतून निघतात. इजा त्याच्याही वर आणि पूर्ण असेल तर मेंदूचा निरोप तिथवर पोचत नाही, नाडी बहुधा ११०-१३०च्या पुढे जात नाही. चूक माझी, लेख दुरुस्त केलाय. त्याने दमणूक ० ते १० अशी मोजावी आणि ५-६वर राहावं.

हृदयाचं मात्र मी सोडणार नाही. रक्तातली बरीचशी साखर स्नायू ओढून घेतात, त्यात मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे सगळ्यात मोठे. ते हलायचे थांबले की झडतात, रक्तात साखर उरते, चरबी वाढते आणि दोन्हीचा भार हृदयावर येतो. वजनकाट्यावर हे दिसत नाही. अपघातानंतर माझं वजन सहा किलो उतरलं, घरी सगळे खूश. चौथ्या वर्षी एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.२ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तोवर कुणीही साखर तपासली नव्हती. सगळ्यांचं लक्ष लघवी, बेडसोअर आणि पाय कधी हलणार याकडे. त्या चार वर्षांचा मला अजून राग येतो.

घरातल्या घरात व्हीलचेअर फिरवून धाप लागत नाही, खांदे मात्र झिजतात. २०१८च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार हृदय आणि चयापचयासाठी आठवड्यातून तीनदा, किमान ३० मिनिटं, दम लागेल असा व्यायाम हवा. मी पाच मिनिटांपासून सुरुवात केली होती. टेबलावर ठेवून हाताने फिरवायची पेडलं घेतली, तर ती टेबलभर सरकायची. खाली योगा मॅटचा तुकडा टाकला तेव्हा जागेवर राहिली. तुमच्या मुलाचे तळवे क्रेप बँडेजने पेडलला बांधावे लागतील. सोडल्यावर कातडी रोज बघा, घासलेलं त्याला कळणार नाही. खांद्यांसाठी खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून मागे ओढायचं. मूठ वळत नाही म्हणून पट्ट्याचा फास मनगटात. आधी फिजिओला खांदा दाखवा.

आता जे पहिल्या लेखात यायलाच हवं होतं ते. डी-६ किंवा त्यावरच्या इजेत नुसती लघवी तुंबली तरी बीपी अचानक भडकू शकतं. व्यायामाआधी लघवीची पिशवी रिकामी करा, नळी दुमडली नाही ना बघा. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, की थांबा. त्याला ताठ बसवा, पाय खाली सोडा, पोटाचा पट्टा आणि कपडे सैल करा, नळी परत तपासा. त्याचं नेहमीचं वरचं बीपी ९०-१०० असेल तर १४०सुद्धा त्याच्यासाठी खूप आहे. उतरलं नाही तर थेट हॉस्पिटल. इजेच्या खाली घामही येत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत, पंख्याखाली, हाताशी पाण्याचा स्प्रे.

या व्यायामाने तो उभा राहील असं मी म्हणणार नाही. पण काका, तो २६ वर्षांचा आहे. त्याला अजून खूप वर्षं जगायचंय.

तुम्ही हडपसरचे ना? मी कोथरूडला असतो. माझी जुनी पेडलं पडून आहेत, रविवारी येऊन घेऊन जा. मॅटचा तुकडाही देतो.