बाणाचा ठसा ही केवळ सजावट नव्हे

जुन्या वस्तूच्या प्रतिकृतीवर ‘ब्रॉड ॲरो’ हा बाणाचा ठसा उमटवणे ही निरुपद्रवी सजावट आहे, हे एका लेखातील विधान मला पटले नाही. तीन रेघांचा हा बाण ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण होता आणि अधिकाराशिवाय तो वस्तूवर उमटवणे १८७५ च्या ‘पब्लिक स्टोअर्स ॲक्ट’ने ब्रिटनमध्ये गुन्हा ठरवले. वस्तू सरकारी मालकीतून रीतसर विकली गेली, की टोकाला टोक भिडवलेले दोन बाण उमटवत. या दुसऱ्या खुणेचा लेखात उल्लेखच नाही, ही मोठी उणीव वाटते.

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात मी एक पितळी होकायंत्र ‘युद्धकाळातील’ म्हणून विकत घेतले. घरी भिंगाखाली पाहिले, तेव्हा बाकीची अक्षरे झिजून काळवंडलेली असताना बाणाच्या कडा मात्र नव्या पितळेसारख्या लख्ख दिसल्या, म्हणजे तो ठसा अलीकडेच कोरलेला होता. पैशांपेक्षा, त्या वस्तूचा खरा इतिहास त्या एका खोट्या खुणेखाली कायमचा झाकला गेला, याचे मला अधिक दुःख झाले. प्रतिकृती अवश्य बनवाव्यात. परंतु बनवणाऱ्याने स्वतःचे नाव आणि वर्ष त्याच धातूवर, सहज पुसता येणार नाही इतके खोल कोरावे.