एफ/२.८ ने तेरडा नाही जमणार

चिखलदऱ्यातल्या फोटोग्राफीवरच्या लेखात फुलांसाठी सरसकट एफ/२.८ (म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडं) सुचवलंय, ते पटलं नाही. १०० एमएम मॅक्रोने (अगदी जवळून फोटो घेण्याची लेन्स) एफ/२.८ वर जवळून घेतलं की फोकसमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर येतं; तेरड्याची पुढची पाकळी स्पष्ट, मागची शेपटी धूसर. छिद्र लहान करून एफ/८ ते एफ/११ ठेवा, म्हणजे जास्त भाग फोकसमध्ये येतो. चिखलदऱ्याच्या कड्यावर वारा थांबत नाही, म्हणून शटरचा वेग १/२५० सेकंदाहून कमी नको. त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० झाला तरी चालेल, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

आणि नागपूरहून एसी गाडीत जाणाऱ्यांनो, उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नका! थंड काचेवर दमट हवेचं धुकं धरतं. बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास थांबा. मधे येणारं गवत उपटू नका, बाजूला वाकवा. लांबून टिपायच्या सांबर-अस्वलासाठी मात्र एफ/२.८ खुशाल वापरा.