कॅश रिकामी केल्याने सर्वर पळत नाही

‘लिनक्स कर्नल तुमच्या प्रोग्रामांना मेमरी देताना मुद्दाम अडवतो, पुढचे उपाय करा, सर्वर सुसाट पळेल,’ असा एक मजकूर सध्या फिरतोय. (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.) मी दुर्लक्ष करत होते. पण परवा धाकट्या भावाने तो वाचून कामाच्या सर्वरवर दर तासाला कॅश (डिस्कवरून वाचलेल्या फाइलींच्या मेमरीत ठेवलेल्या प्रती) रिकामी करणारी क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या सोयीची, ओळ टाकली आणि ‘ताई, डेटाबेस दर तासाला का रेंगाळतो गं?’ असं मलाच विचारलं.

पहिला दावा: ‘फ्री मेमरी कमी दिसते, म्हणजे कॅशने खाल्ली.’ ‘फ्री’ कमांडच्या तक्त्यातला ‘अव्हेलेबल’चा रकाना वाचा. नव्या प्रोग्रामांना किती मेमरी देता येईल याचा अंदाज कर्नल ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून, स्वतःच देतो. पुढे.

दुसरा, खरा घातक: ‘ड्रॉप_कॅशेस फाइलमध्ये दर तासाला ३ लिहा.’ या फाइलीत ३ लिहिलं की कर्नल लगेच कॅश टाकून देतो, पण कॅशचा आकार आवरण्यासाठी ही सोय नाहीच. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय, आणि चाचणी किंवा डीबगिंग सोडून ती वापरू नका असंही. कारण साधं आहे. मोकळी पानं (मेमरीचे छोटे ठरावीक तुकडे) कर्नलने ठरवलेल्या ‘लो’ खुणेखाली गेली की केस्वॉपडी हा कर्नलचा सफाई कामगार जागा होतो आणि पार्श्वभूमीला पानं सोडवत बसतो. त्याला झेपलं नाही आणि पातळी त्याहून खालच्या ‘मिन’ खुणेखाली घसरली, की मेमरी मागणाऱ्या प्रोग्रामलाच आधी झाडलोट करावी लागते. तुम्हाला जाणवते ती ‘अडवणूक’ बहुतेक वेळा हीच. आता गंमत बघा: फाइलींची स्वच्छ पानं कर्नल जवळपास फुकटात सोडू शकतो, कारण मूळ प्रत डिस्कवर असतेच. डिस्कवर लिहायची राहिलेली पानं मात्र ३ लिहून हलत नाहीत. म्हणजे ही क्रॉनची ओळ जे सहज सुटणार होतं तेच फेकते, अडचणीचं तिथेच ठेवते, वर डेटाबेसला सगळं पुन्हा डिस्कवरून वाचायला लावते. दर तासाला रेंगाळणार नाही तर काय!

तिसरा: ‘सीग्रुपमधली मेमरी.हाय मर्यादा काढा, तो कृत्रिम ब्रेक आहे.’ सीग्रुप म्हणजे एकत्र मर्यादा घालता येईल असा प्रोग्रामांचा गट. ब्रेक आहे, हे नाइलाजाने मान्य. मर्यादा ओलांडली की कर्नल त्या गटाकडून पानं सोडवून घेतो, आणि तरी भागलं नाही तर प्रोग्रामला झोपवतो, एका खेपेला जास्तीत जास्त २ सेकंद. आकडा फार खाली ठेवलात तर प्रोग्राम मरत नाही, नुसता सरपटतो, आणि लोकांना तो अडकलाय असं वाटतं. म्हणूनच कोणीतरी बाहेरून लक्ष ठेवून असेल तिथे ही मर्यादा लावायची असते. पण ती काढलीत की पुढे उरते मेमरी.मॅक्स, ही पक्की मर्यादा. तिथे पानं सुटली नाहीत, तर ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्राम मारणारी कर्नलची यंत्रणा, येतो आणि तो झोपवत नाही.

चौथा, ‘स्वॅप बंद करा’: मग मेमरीवर दाब आल्यावर प्रोग्रामचा स्वतःचा डेटा स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, हलवता येत नाही, फाइलींचीच पानं जातात. त्यांत चालू प्रोग्रामचा कोडही आला.

खरंच मेमरीसाठी थांबावं लागतंय का, हे कर्नल ४.२० पासून ‘प्रोक’मधल्या ‘प्रेशर’खालच्या ‘मेमरी’ फाइलीत दिसतं, अर्थात ती सोय चालू असेल तर. ‘सम’ म्हणजे निदान एक काम अडलंय, ‘फुल’ म्हणजे जागी असलेली सगळीच. भावाला म्हटलं, क्रॉनची ओळ काढ आणि हे आकडे पाठव. ओळ काढलीय म्हणतो. आकडे अजून यायचेत.