खुलासा : बाग ठेक्याने दिली म्हणजे नगरपरिषद मोकळी झाली, असे नाही

‘बागा ठेक्याने द्या, मग माळ्यांच्या पगाराची कटकट नगरपरिषदेची नाही,’ असा संदेश फिरतो आहे. तो चूक आहे. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती चुकती करण्याची जबाबदारी मूळ मालक म्हणून नगरपरिषदेवरच येते. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा हेच सांगत होता, त्याच्या जागी आलेली 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिताही हेच सांगते. म्हणून बिल काढण्याआधी हजेरीपट, बँकेतून पगार दिल्याचा पुरावा आणि पीएफचे चलन ताडून पाहावे.

‘सहा बागांना सहा माळी पुरेत’ हेही कागदावरच. प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी धरली की सातवा बदली माणूस लागतोच. नाहीतर आठवड्यातले सहा दिवस एक ना एक बाग कोरडी.

खरी गोची निविदेत असते. ‘महिन्यातून एकदा कापणी’ लिहिले की पावसाळ्यात हिरवळ पोटरीएवढी वाढते. मग एकदम बुडातून कापल्यावर पिवळी पडते. जुलै-सप्टेंबरात आठ-दहा दिवसांनी, एका वेळी गवताच्या पात्याची एक तृतीयांश उंचीच कापावी. झाडांच्या फांद्या मात्र ठेकेदाराने परस्पर तोडायच्या नाहीत. त्याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.