महापालिका म्हणाली, आठवडाभर तुमचं तुम्ही बघा, तर?

2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हापासून आमच्या सोलापूरच्या फॅमिली ग्रुपवर तेच चाललंय. ओला दुष्काळ जाहीर करायला पाहिजे होता का, पंचनामे नीट झाले का, 31,628 कोटींच्या पॅकेजमधले हातात किती पडणार. वाद बरोबरच आहे, ज्याची माती वाहून गेली त्यानं पैसे मागायचे नाहीत तर काय करायचं? पण घरात पाणी शिरल्यावर काय उचलायचं, म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या कुठं ठेवायच्या, यावर एकही मेसेज नाही.

मी स्वीडनमध्ये राहते. इथल्या सरकारनं नोव्हेंबर 2024 मध्ये 50 लाखांवर घरांना पोस्टानं एक पुस्तिका पाठवायला घेतली, संकट आलं किंवा युद्ध झालं तर काय करायचं त्याची. सरळ सांगतात, निदान आठवडाभर तुमचं तुम्ही निभवा म्हणजे मदत आधी जास्त गरजवंतांकडं जाईल. मोठ्या माणसाला रोज 3 लिटर पाणी, कोरडं खाणं, बॅटरीचा रेडिओ, थोडी रोकड, असली यादी.

नवऱ्याला हे सगळं हास्यास्पद वाटतं. "चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात वाढलोय मी, मला पाणी साठवायला हे शिकवणार व्हय?" पाण्याचे कॅन आणायचे म्हटलं की, "कशाला पसारा, काय होत नाही गं."

आता सासूबाईंची पिंपं, घागरी, गच्चीवरची टाकी बघितली की त्याचं पटतं सुद्धा. पण ती टंचाई झाली, तिला वेळापत्रक असतं, आज नाही आलं तर वॉल्व्ह सोडणाऱ्याला विचारता येतं. सीनेनं कुणाला विचारलं? पाऊस वर अहिल्यानगर, धाराशिवकडं पण कोसळला आणि इकडं लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पडला, माढ्यात जन्मभर दुष्काळाला तोंड दिलेल्या लोकांना हेलिकॉप्टरनं काढायची वेळ आली. आणि 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट, लोक गणपती बुडवून येऊन झोपले होते, हादरे सोलापुरापर्यंत बसले. तेव्हा भरलेल्या पिंपाचा काय उपयोग होता सांगा.

शिवाय तो ज्या भरवशावर बोलतो ते इथं नाहीच. सिलिंडर नाही, शेगडी विजेची, पैसे सगळे फोनमध्ये. जानेवारीत लाईट गेली तर चहाचं पण अवघड. त्यावर माझा उपाय म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी, महिनोन्‌महिने टिकते, शिजवायला नको, कुठल्याही सरकारी यादीला मागं टाकेल. फक्त डबा कपाटात वर ठेवावा लागतो, कारण ज्याला तयारी नको असते तोच रात्री अकराला तो उघडून बसतो.

मग सोलापूर महापालिकेनं म्हणावं का, आठवडाभर तुमचं तुम्ही बघा? मोर्चा निघेल, आणि निघावाच. इथलं सरकार असं बोलू शकतं कारण एरवी वर्षभर नळाला चोवीस तास पाणी असतं. म्हणून परदेशात बसून "बघा, स्वीडनमध्ये कसं असतं" म्हणून ग्रुपवर डोस पाजणाऱ्यांचा मला राग येतो (आमच्यात दोन आहेत). पण सरकार काही देत नाही म्हणून आपण आपल्याच घरात आधार, सातबारा, पासबुक साड्यांच्या खाली ठेवायचं आणि ते भिजल्यावर रडायचं, हे पण मला पटत नाही, कारण भरपाई खात्यावर यायला शेवटी तेच कागद लागतात.

नवऱ्याशी युद्धबिद्ध बोलणं मी सोडून दिलं. एवढंच विचारलं, की तिकडं फोन लागला नाही तर तुझ्या आईबाबांकडं आधी कोण जाऊन बघेल? गप्प बसला. दुसऱ्या दिवशी आईला फोन करून कागदांचे फोटो मागवले, शेजारच्या काकांना एक किल्ली द्यायला लावली, महत्त्वाचे नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवायला सांगितले. इथं पाण्याचे चार कॅन पण स्वतः उचलून आणले. हँडल फिरवायच्या रेडिओला मात्र अजून खेळणं म्हणतो. मी ऑर्डर टाकलीय.